चेंडू आधी, जमीन नंतर

गोरेगावात गोल्फवर व्याख्यान म्हटल्यावर पत्रिकेत विषय चुकून छापला गेलाय की काय, असं काही जणांना वाटलं म्हणे. (हशा) चुकून नाही. इथून आरेत शिरलं की रॉयल पाम्समध्ये गोल्फचं मैदान आखलेलं आहेच. पण मला आज बोलायचंय ते या खेळातल्या सगळ्यात छोट्या फटक्यांपैकी एकाबद्दल, म्हणजे चिपबद्दल.

ग्रीनच्या कडेला चेंडू पडलाय आणि खळगा पंधरा-वीस पावलांवर आहे. चेंडू जरासा उचलायचा, हिरवळीवर टाकायचा, पुढे घरंगळू द्यायचा. ताकद जवळपास लागतच नाही. तरी भलेभले इथे फसतात. काठी आधी जमिनीत रुतली तर चेंडू दोन हातांवर मरतो, आणि काठीची धार चेंडूच्या कमरेला लागली तर तो सणसणत पलीकडच्या झुडपात. (क्लब हा शब्द संस्थेलाही लागतो, म्हणून मी काठीच म्हणणार आहे.)

आता हा नेमका स्पर्श शिकायचा तर हजारदा चुकावं लागतं. आणि चुकणं किती महाग, यावर कोण शिकणार हे ठरतं. मला वाटतं, गोल्फच्या इतिहासाकडे या बाजूने फारसं कुणी पाहत नाही. आपल्याकडे तो संस्थांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: 1829 कलकत्ता, 1842 मुंबई, मग विलिंग्डन, मग 1927 मध्ये चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी.

1842 ला मुंबईत क्लब निघाला तेव्हा चेंडू कसा होता माहितीये? कातड्याच्या पिशवीत पिसं ठासून भरायची आणि तोंड शिवून टाकायचं. कारागिराच्या हातून दिवसाला मोजकेच व्हायचे, त्यामुळे किंमत भारी. भिजला की शिवण सुटायची आणि लोखंडी काठीची धार बसली की सरळ फाटायचा. म्हणून शक्यतो लाकडी काठीच वापरायची, लोखंडी काढायची ती चेंडू अडकला तर. अशा चेंडूवर चिपचा सराव कोण करणार?

1848 च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. मलायाकडच्या झाडाचा चीक, गरम पाण्यात मऊ करून हाताने वळायचा. खराब झाला तर पुन्हा गरम करा, पुन्हा वळा. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला ॲलन रॉबर्टसन नावाचा मातब्बर खेळाडू होता. त्याचा धंदाच पिसांच्या चेंडूंचा, त्यामुळे नव्या चेंडूला त्याचा कडवा विरोध. त्यापायी जोडीदार टॉम मॉरिसशी त्याचं फाटलं. आणि गंमत बघा, पुढे लोखंडी काठीने ग्रीनकडे चेंडू घरंगळवत नेण्याचं कसब रुळवलं म्हणून नाव घेतलं जातं ते याच रॉबर्टसनचं! चूक स्वस्त झाली, फटका जन्माला आला.

आता चेंबूरला या. प्रेसिडेन्सी क्लबाच्या शेजारच्या वस्तीतली पोरं तिथे कॅडी म्हणून राबतात, साहेबांच्या पिशव्या वाहतात. दिवसभर चांगले-वाईट फटके अगदी जवळून बघायचे, पण मैदान आपलं नाही. मग त्यांनी लोखंडी सळई वाकवून काठी केली, प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि गल्लीत खेळ मांडला. परदेशी छायाचित्रकार येऊन त्याचे फोटो काढून गेले, जगभर कौतुक झालं. कौतुकात एक गोष्ट निसटते. त्या बोळात लांब फटका मारताच येत नाही. येतो तो छोटा, मोजका, सळईच्या बारीक टोकाने चेंडूला नेमका लागलेला. म्हणजे चिपच.

कलकत्त्याचा शिव शंकर प्रसाद चौरासिया तुम्ही ऐकला असेल. वडील रॉयल कलकत्त्यात हिरवळ राखायचे, मुलगा तिथेच बघून बघून शिकला. 2008 ला दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला, 2016 आणि 2017 ला इंडियन ओपन. फटका फार लांब नाही, पण ग्रीनच्या आसपास हात असा की लोक त्याला ‘चिपपटसिया’ म्हणतात. ही पदवी मला कुठल्याही चषकापेक्षा मोठी वाटते.

मघाशी एका काकांनी विचारलं, आमच्या सोसायटीच्या आवारात हे जमेल का? का नाही जमणार. प्लास्टिकचा चेंडू घ्या आणि काथ्याच्या पायपुसण्यावर ठेवा. चेंडूच्या वीतभर मागे एक पंचा घडी करून टाका. वजन पुढच्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे, आणि मनगटाने उचलायला जाऊ नका. पंच्याला काठी लागली की समजा, चेंडूआधी जमीन लागली असती. आणि फरशीवर थेट मारणार असाल तर वेज नको. तिचा जाड तळ आपटून उसळतो आणि धार चेंडूच्या कमरेला लागते. त्यापेक्षा आठ नंबरची काठी घ्या.