कापसाचा पैसा आणि नावांची यादी

दिवाळीच्या पणतीत आपण जी वात लावतो ती कापसाची. पण त्या कापसाचा इतिहास पुष्कळदा अंधाराचाच आहे. त्या अंधारात एका साध्या कागदाने, नावांच्या यादीने, कसा उजेड पाडला याची हकीकत अमेरिकेच्या दक्षिण भागात घडली. मी शाळेत इतिहास शिकवतो, कादंबऱ्याही लिहितो. परंतु या हकिकतीत पदरचे काही घालण्याची मला गरज पडली नाही.

साल १९३३. मंदीने कापसाचा भाव पार कोसळला होता. रूझवेल्ट सरकारने तोडगा काढला: पीक कमी करा, भाव चढेल, नुकसान सरकार भरून देईल. पण कायदा झाला मे महिन्यात आणि तोवर कपाशी शेतात उभी! तेव्हा सुमारे एक कोटी एकरांतले उभे पीक नांगरून टाकण्यात आले. जन्मभर दोन ओळींमधून चालायला शिकवलेली खेचरे झाडांवर पाय देईनात, असे त्या काळच्या आठवणींत सांगतात.

पैसा आला, पण कोणाच्या हाती? पुढील करारांत जमीन पडीक ठेवल्याबद्दल पौंडामागे साडेचार सेंट ठरले; त्यांतले चार जमीनमालकाचे आणि अर्धा सेंट अर्धेलीने कसणाऱ्या कुळाचा! शिवाय जमीनच पडीक, मग कुळे हवीत कशाला? कित्येकांची खोपटी रिकामी झाली. १९३४ च्या जुलैत आर्कान्सामधील टायरोन्झा गावी अकरा गोरे व सात काळे एकत्र बसले आणि त्यांनी कुळांची युनियन काढली. ज्या मुलुखात गोऱ्या-काळ्यांच्या शाळाही वेगळ्या, तेथे हे धाडसच होते.

१९३६ साली सेनेटर व्हँडेनबर्ग यांनी सरकारला विचारले, मोठमोठ्या रकमा घेणारे कोण ते सांगा. हळूहळू पडदा सरकू लागला. मिसिसिपीतील डेल्टा अँड पाइन लँड या अवाढव्य मळ्याला सरकारी पैसा मिळत होता. मळ्याची मालकी इंग्लंडातल्या सूतगिरणीवाल्यांची, आणि मळ्याचे प्रमुख ऑस्कर जॉन्स्टन हे पैसे वाटणाऱ्या खात्याचेच अर्थविभाग-प्रमुख राहिलेले!

पुढे १९६७ साली त्याच मिसिसिपीत रॉबर्ट केनेडी यांनी उपाशी मुले पाहिली. याच सुमारास सेनेटर ईस्टलंड यांच्या मळ्याला वर्षाकाठी लाखाहून अधिक डॉलर मिळत असल्याचे लोकांना कळले. गवगवा झाला, १९७० च्या कायद्याने एका पिकापोटी एकाला ५५ हजार डॉलरची मर्यादा घातली. मग काय, एका शेताचे कागदोपत्री अनेक भागीदार झाले! पळवाटा शोधण्यात माणूस सर्वत्र सारखाच.

१९९६ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या दाव्यात न्यायालयाने सांगितले की, कापसाचे अनुदान घेणाऱ्यांची नावे सरकारला झाकता येणार नाहीत. २००१ साली एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने साऱ्या देशाच्या याद्या लोकांपुढे मांडल्या. लहान शेतकऱ्याच्या नावाने निघालेला पैसा बहुतांशी मोठ्या खातेदारांकडे वाहत होता, हे कोणालाही वाचता आले.

याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. २००५ साली ब्राझीलच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेने निर्णय कायम केला की, अमेरिकेच्या या अनुदानाने जगातला कापसाचा भाव दबला. जगाचा भाव दबला की त्याची झळ यवतमाळच्या शेतकऱ्यालाही लागते.

त्याच २००५ साली आपल्याकडे माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमात अनुदानाच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील सरकारने आपणहून प्रसिद्ध करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. कोणी म्हणतात, शेजाऱ्याच्या पदरात काय पडले हे वाचणे म्हणजे चहाडी. मला तसे वाटत नाही. गरजवंताने मदत घेण्यात लाज कसली? लाज वाटावी ती त्याच्या नावावर दुसऱ्याने पैसा उचलण्याची. वर्गात हजेरी मोठ्याने घेतात ती कोणाला हिणवण्यासाठी नव्हे. गैरहजर मुलासाठी दुसऱ्याने 'हजर' म्हणू नये, एवढ्यासाठीच.