काल्पनिक समंथा आणि खरे विद्यार्थी

लहानपणी मकतबमध्ये माझ्या शेजारी एक मुलगा बसायचा. ऐकलेली सूरह त्याला दोन दिवसांत पाठ व्हायची, पण अक्षरे जोडून वाचायला सांगितले की तो अडकायचा. उस्ताद त्याला कामचोर म्हणत. शाळेत बाईही तेच म्हणत. बोस्टनमधल्या एका खटल्याबद्दल वाचताना मला तो आठवला.

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पदवीसाठी एक परकी भाषा शिकावीच लागते. इतर विषयांत हुशार असलेली काही मुले नेमकी तिथेच नापास होतात, हे हार्वर्डमध्ये समुपदेशनाचे काम करणाऱ्या केनेथ डिंकलेज यांच्या 1960च्या दशकात लक्षात आले. ही मुले आळशी नव्हती. त्यांच्यातल्या काहींना लहानपणी स्वतःची भाषा वाचायला शिकतानाही त्रास झाला होता. 1973च्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम 504ने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वावरून भेदभाव करण्यास मनाई केली. पुढे अनेक विद्यापीठे अशा विद्यार्थ्यांना भाषेऐवजी परक्या देशाचा इतिहास किंवा संस्कृती असा विषय घेऊ देऊ लागली.

बोस्टन विद्यापीठातही ही मुभा मिळत असे. 1995मध्ये तिथले वरिष्ठ अधिकारी जॉन वेस्टलिंग यांनी ती बंद केली. त्याच वर्षी एका भाषणात त्यांनी समंथा नावाच्या विद्यार्थिनीचा किस्सा सांगितला. तिला वर्गात झोप येते, म्हणून तिने सवलतींची यादीच पुढे केली, असा तो किस्सा होता. 1996मध्ये विद्यार्थी न्यायालयात गेले. तिथे वेस्टलिंग यांना कबूल करावे लागले की समंथा नावाची कोणी मुलगी नव्हतीच. अपंगत्वाचे सोंग घेतलेला एकही विद्यार्थी विद्यापीठाला दाखवता आला नाही.

ऑगस्ट 1997मध्ये न्यायाधीश पॅटी सॅरिस यांनी निकाल दिला. भाषेची मुभा पूर्वग्रहातून, प्राध्यापकांशी विचारविनिमय न करता नाकारली गेली, असे त्यांनी म्हटले. सहा विद्यार्थ्यांना मिळून सुमारे 30 हजार डॉलर भरपाई मिळाली. मात्र भाषेतून सूट द्याच, असे न्यायालयाने सांगितले नाही. प्राध्यापकांनी बसून नीट विचार करावा, एवढेच सांगितले. प्राध्यापकांच्या समितीने विचार केला आणि परकी भाषा शिकण्याला पर्याय नाही, असे ठरवले. मे 1998मध्ये न्यायालयाने ते मान्य केले.

म्हणजे नकार होता तो कायमच राहिला. मला समितीचे म्हणणे पटत नाही. ज्याला स्पॅनिश वाचताच येत नाही, त्याला निदान त्या लोकांचा इतिहास तरी शिकू द्यावा. तरीही दोन नकारांत फरक आहे. पहिला एका बनावट मुलीच्या किश्श्यावर उभा होता. दुसऱ्यासाठी कारणे द्यावी लागली, आणि कारणे दिली की त्यांच्याशी वाद घालता येतो.

आपल्या महाराष्ट्रात शासनाने 1996मध्येच शालेय विद्यार्थ्यांसाठी अशा सवलतींचा आदेश काढला. निदान झालेल्या मुलाला एक भाषा सोडून त्याऐवजी दुसरा विषय घेता येऊ लागला. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. पण सवलत मिळण्याआधी कोणाला तरी शंका यावी लागते. आमच्या घरांत मूल उर्दू उजवीकडून वाचते, मराठी डावीकडून, वर हिंदी आणि इंग्रजी. ते अडकले की दोष भाषांच्या गर्दीला दिला जातो, नाहीतर मुलाला. तपासणीचे कोणाच्या मनातही येत नाही.

माझ्या त्या मित्राने आठवीत शाळा सोडली. गेल्या ईदला भेटला तेव्हा म्हणाला, "धाकटाही माझ्यासारखाच आहे, अक्षरांत अडकतो." मी त्याला सरकारी रुग्णालयात होणाऱ्या तपासणीबद्दल सांगितले. त्याने विचारले, "तिथे त्याला रागावणार तर नाहीत ना?"