लाटांवरचा पाळक

हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर काहालूउ नावाचा छोटा उपसागर आहे. त्याच्या काठाशी काळ्या दगडांचा एक चौथरा आहे, कुएमानू. जुन्या हवाईवासीयांचं हे देवस्थान, आणि तेही लाटांवर स्वार होणाऱ्यांचं. समुद्र निपचित पडला की लाट उठावी म्हणून हवाईत मंत्र म्हणत, मर्यादवेलीचे लांब वेल पाण्यावर आपटत. कोकणच्या वाळूवर पसरते तीच ही मर्यादवेल. फळीसाठी झाड तोडायचं तर आधी बुंध्याशी तांबडा कुमू मासा ठेवायचा, मगच घाव घालायचा, आणि प्रार्थना करायची. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणाऱ्या कोळ्याला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

व्यावसायिक सर्फरांबरोबर देशोदेशी फिरणाऱ्या ख्रिस्ती चॅप्लेनची, म्हणजे सोबत चालणाऱ्या पाळकाची, कुळकथा मी या चौथऱ्यापासून सुरू करतो. चॅप्लेन ख्रिस्ती असला, तरी लाटेशी प्रार्थनेचं नातं ख्रिस्ती धर्म हवाईत पोचण्याच्या कितीतरी आधीचं आहे.

तो धर्म 1820 साली पोचला. हायरम बिंगहॅम आणि त्यांचे सहकारी मिशनरी न्यू इंग्लंडहून जहाजाने आले. पुढच्या काही दशकांत सर्फिंग ओसरलं, आणि मिशनऱ्यांनी ते बंद पाडलं अशी समजूत पक्की झाली. बिंगहॅमनी 1847च्या आपल्या पुस्तकात हा आरोप नाकारला. लोकांत मर्यादा, उद्यम आणि धर्म वाढला म्हणून फळ्या मागे पडल्या, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजू मला अपुऱ्या वाटतात. परदेशी जहाजांबरोबर आलेल्या साथींनी हवाईची मूळ प्रजा शतकभरात इतकी घटवली, की अनेक किनाऱ्यांवर लाटेवर जायला माणसंच उरली नाहीत. शिवाय सर्फिंग पूर्ण थांबलं असंही नाही. इसाया हेलेकुनिही वॉकर या हवाईयन इतिहासकाराने दाखवून दिलं आहे, की मूळ हवाईवासीयांनी ते कधी सोडलंच नव्हतं.

बिंगहॅमच्याच आराखड्यावर होनोलुलूत कवाइअहाओ चर्च उभं राहिलं. समुद्रातल्या प्रवाळाचे सुमारे 14,000 ठोकळे कापून बांधलेलं हे चर्च 1842 साली पुरं झालं. सव्वाशे वर्षांनी, जानेवारी 1968मध्ये, ड्यूक काहानामोकू वारले. ऑलिंपिकमध्ये पोहण्याची सुवर्णपदकं मिळवणारे आणि सर्फिंग जगभर नेणारे ड्यूक. वाइकिकीच्या वाळूवर त्यांचा अंत्यविधी चालवला तो याच चर्चचे हवाईयन पाळक, रेव्हरंड अब्राहम अकाका यांनी. किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणाऱ्या बीचबॉय मंडळींनी गाणी म्हटली, आणि रक्षा समुद्रात सोडली गेली. चर्च आणि लाट यांच्यातलं जुनं अवघडलेपण त्या दिवशी सुटायला लागलं, असं मला मनापासून वाटतं.

अशा निरोपाला आता पॅडल-आउट म्हणतात. फळ्यांवर पालथं पडून, हातांनी पाणी मारत सगळे आत जातात, गोल करून बसतात, हात धरतात, फुलं सोडतात, आणि शेवटी पाणी उडवत मोठ्याने ओरडतात. ख्रिस्ती उपासनेच्या कुठल्याही जुन्या पोथीत हा विधी सापडणार नाही. तो वाढला हवाईच्या पाण्यात, आणि चॅप्लेनने तो आपला मानला.

चॅप्लेनचं पद मात्र युरोपातलं. चौथ्या शतकात मार्टिन नावाच्या रोमन सैनिकाने आपला झगा कापून अर्धा एका कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला दिला, अशी कथा आहे. पुढे फ्रँक राजे तो झगा पवित्र मानून लढाईवर नेऊ लागले, आणि तो सांभाळणारे पाळक सैन्याबरोबर चालू लागले. हेच पहिले चॅप्लेन. लोक चर्चमध्ये येण्याची वाट न पाहता ते जिथे असतील तिथे जायचं, ही रीत मग खलाशांपर्यंत आली. 1835पासून जॉन अॅशली हे पाळक ब्रिस्टल चॅनेलमध्ये नांगरलेल्या जहाजांवर होडीने जाऊ लागले. विसाव्या शतकात अमेरिकेत ती खेळाडूंपर्यंत पोचली. बेसबॉल संघांसाठी 1973 साली वॉटसन स्पोलस्ट्रा या क्रीडापत्रकाराने उपासनेची व्यवस्था उभी केली.

सर्फिंगमध्ये ही रीत आली ती चर्चच्या वरच्या पायरीवरून नव्हे. व्यावसायिक स्पर्धांची जागतिक मालिका 1976 साली सुरू झाली. त्यानंतर वर्षभरात सिडनीच्या दक्षिणेला क्रोनुला इथे ब्रेट डेव्हिस या तरुणाने ‘ख्रिश्चन सर्फर्स’ हा गट काढला. अडचण अगदी साधी होती. उन्हाने केस पिंगट झालेल्या अनवाणी पोरांना चर्चच्या बाकांवर परकं वाटे, आणि किनाऱ्यावर देवाचं नाव काढणारा मुलगा मित्रांत परका ठरे. दोन्हीकडच्यांना जोडायचं तर जोडणारा स्वतः लाटेवर जाणारा हवा. हा गट पुढे अनेक देशांत पसरला. साओ पाउलोत ‘बोला दे नेवे’ नावाचं चर्च निघालं, तिथे व्यासपीठावर बायबल ठेवायला सर्फबोर्ड असतो.

स्पर्धांमध्ये चॅप्लेनला काम कुठे असतं, हे सामन्यांच्या रचनेतच दिसतं. योग्य लाटेची वाट पाहत दहा-बारा दिवस किनाऱ्यावर काढायचे. सामना जेमतेम अर्ध्या तासाचा. त्यात सर्वोत्तम दोन लाटांचे गुण धरतात, आणि समुद्राने त्या अर्ध्या तासात लाटच दिली नाही तर वर्षभराची मेहनत तिथेच संपते. हरलेला एकटा हॉटेलवर परततो, घर अर्ध्या पृथ्वीपलीकडे. तीन वेळा जगज्जेता झालेला अँडी आयर्न्स नोव्हेंबर 2010मध्ये पोर्तो रिकोची स्पर्धा सोडून घरी निघाला आणि वाटेत डॅलसच्या हॉटेलात वारला, अवघ्या 32व्या वर्षी. शवविच्छेदनात हृदयविकार सापडला, जोडीला अमली पदार्थही. त्याच्या मनाचा आजार आणि व्यसनाशी चाललेली झुंज पुढे घरच्यांनीच जगासमोर मांडली.

अशा माणसाजवळ बसायला निवड समितीशी, प्रायोजकाशी, गुणांशी काही देणंघेणं नसलेलं कोणीतरी लागतं. चॅप्लेन प्रार्थना करतो, पण त्याआधी पहाटे त्याच रांगेत, त्याच थंड पाण्यात लाटेची वाट पाहत बसतो. ऐकलेलं बाहेर जाऊ देत नाही. लग्नं लावतो, बाळांना आशीर्वाद देतो, पॅडल-आउटला गोलात बसतो. 2022 साली मालिकेत नवा नियम आला: हंगामाच्या मध्यावर तळाचे खेळाडू वगळायचे. त्या वर्षी ही कात्री ऑस्ट्रेलियात मार्गारेट रिव्हरच्या स्पर्धेनंतर लागली. पुढच्या स्पर्धेकडे निघालेल्यांच्या सोबतीला प्रशिक्षक असतात, कॅमेरे असतात. चॅप्लेनने थांबायचं ते वगळल्या गेलेल्यांपाशी.