उसनी घेतलेली वर्षं

नव्वदच्या दशकात चेकवर तारखेच्या जागी ‘१९’ छापलेलंच असे. पुढचे दोन आकडे आपण भरायचे. संगणकानं तर तेवढंही छापलं नाही, १९ मनातच धरलं. पंचकार्डावर रकाने ८०, त्यातले चार वर्षासाठी कोण अडवणार? पुढे याला आळस म्हणायची पद्धत पडली. ते अन्यायाचं होतं. त्या काळी साठवणुकीची जागाच महाग होती.

शतक संपायची वाट न बघता तारीख संपली ती डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-१० यंत्रावर. तिथल्या टॉप्स-१० प्रणालीत तारखेला १२ बिट, म्हणजे ४०९६ आकडे. मोजणी १९६४ पासून आणि प्रत्येक महिना ३१ दिवसांचा, फेब्रुवारीसुद्धा! गुणाकार सोपा व्हावा म्हणून न येणाऱ्या दिवसांवरही आकडे खर्ची पडले आणि ४ जानेवारी १९७५ला शेवटचा आकडा लागला. ‘डेट७५’ या दुरुस्तीत आणखी ३ बिट जोडले गेले. तारीख थेट १ फेब्रुवारी २०५२पर्यंत सरकली.

२००० साल उजाडलं की संगणक ‘००’ला १९०० समजणार, ही वायटूकेची अडचण. त्यावर सगळ्या फायलींत वर्ष चार अंकी करणं हा सरळ मार्ग होता, पण खर्चिक. मग अनेकांनी ‘खिडकी’ बसवली: ०० ते १९ आलं तर २०००च्या पुढचं, २० ते ९९ आलं तर मागच्या शतकातलं. फायलींना हात नाही, कोबोल भाषेतल्या प्रोग्राममध्ये एक तुलना वाढवली की झालं. हीच कामं करायला भारतातून प्रोग्रामर अमेरिकेला गेले. खिडकी २०२०ला बंद होणार हे उघड होतं. तोवर ही यंत्रं भंगारात जातील, असा हिशेब.

तेवढ्यावर शहाणपण आलं म्हणावं, तर २००३मध्ये स्थापन झालेल्या स्प्लंक कंपनीच्या सॉफ्टवेअरलाही १ जानेवारी २०२०पासूनची दोन अंकी वर्षं ओळखता येणार नव्हती. ग्राहकांना आधीच दुरुस्ती बसवावी लागली.

युनिक्स प्रणालीची मोजणी १९७०पासूनच्या सेकंदांत. ३२ बिटांत ती १९ जानेवारी २०३८ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते. पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१च्या डिसेंबरात. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल प्रणालीनं यावर जुनाच डाव टाकला. नॅनोसेकंदांसाठी ३२ बिटांची जागा होती, पण अब्जापर्यंत मोजायला ३० पुरतात. उरलेले दोन बिट सेकंदांच्या हाती दिले. आता मर्यादा २४४६.