साठाचा पाया आणि साताचा अडसर
इ. स. पू. २००० ते १६०० च्या सुमारास बाबिलोनचे लेखनिक मातीच्या ओल्या पाट्यांवर साठाच्या पायावर हिशेब मांडीत, म्हणजे प्रत्येक स्थानाची किंमत उजवीकडच्या स्थानाच्या साठपट धरीत. त्यामुळे ७५ ही संख्या ‘१, १५’ अशी उमटे. शून्य आणि अपूर्णांकचिन्ह दोन्ही नसल्याने तोच आकडा सव्वा म्हणूनही वाचता येई, जी आजच्या वाचकाला गैरसोय वाटली तरी कोष्टकांसाठी मोठीच सोय होती. भागाकाराऐवजी ते व्यस्ताने, म्हणजे एकास त्या संख्येने भागून आलेल्या संख्येने, गुणत. आठाचा व्यस्त ‘७, ३०’. मात्र २, ३ व ५ यांखेरीज मूळ अवयव असलेल्या संख्येचा व्यस्त येथे संपतच नाही, साताचा तर ८, ३४, १७ या आवर्तनात फिरत राहतो. म्हणून प्रमाण व्यस्तकोष्टकांत सहानंतर थेट आठ येतो.