कॉम्प्युटर तापतोय? आधी आकडा बघा, मग दुकान गाठा

डिचोली : उन्हाळा लागला की एक तक्रार हमखास ऐकू येते. कॉम्प्युटर पंधरा-वीस मिनिटं बरा चालतो, मग पंखा घोंघावायला लागतो, काम संथ होतं आणि कधी कधी सगळं आपोआप बंद पडतं. मार्चअखेरचे हिशेब असोत की मुलांचं प्रोजेक्ट, सेव्ह न केलेलं काम जातं ते जातंच. दुकानात नेल्यावर कुणी पंखा बदला म्हणतं, कुणी मशीनच नवं घ्या म्हणतं. त्याआधी प्रोसेसरचं तापमान बघितलं तर निम्म्या शंका घरीच फिटतात.

प्रोसेसर तापतो म्हणजे काय?

प्रोसेसर जेवढी वीज खातो, ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता थर्मल पेस्टमधून हीटसिंकच्या धातूच्या पात्यांत जाते आणि पंखा ती हवेत सोडतो. यातला एक दुवा ढिला पडला तरी तापमान चढतं. २००० साली आलेल्या इंटेलच्या पेंटियम ४ मध्ये, फार तापल्यावर प्रोसेसरने आपला वेग आपणच कमी करायची सोय होती. आजच्या प्रोसेसरमध्ये ती असतेच. तरीही आवरलं नाही तर मशीन बंद होतं.

आपल्याकडची अडचण

पेडण्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे केरी, हरमल, मांद्रे, मोरजी भागात, हवेत खारटपणा असतो. धातू लवकर गंजतो. डिचोलीत जिथून खनिजाचे ट्रक जातात तिथे लाल धूळ घरात येते. २०१८ मध्ये थांबलेला खाण व्यवसाय डिचोलीच्या खनिज ब्लॉकमधून २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला, त्यामुळे रस्त्यालगतच्या घरांनी हे ध्यानात ठेवावं. पावसाळ्यात हीच धूळ दमट होऊन पात्यांत चिकटून बसते. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडेही दमटपणाचा त्रास असाच.

आकडा कुठे दिसतो?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो, एचडब्ल्यूमॉनिटर किंवा कोअर टेम्प यांपैकी एक प्रोग्राम त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. इन्स्टॉल करताना नको त्या जादा प्रोग्रामची टिक काढून टाका. लिनक्सवर ‘सेन्सर्स’ ही कमांड आहे. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर बऱ्याच डेस्कटॉपच्या बायॉसमध्येही तापमान दिसतं.

किती म्हणजे जास्त?

ढोबळ अंदाज असा :

- रिकामा चालू असताना ३५ ते ५० अंश : ठीक
- जड काम करताना ६५ ते ८५ अंश : चालतं
- सतत ९० च्या वर : लक्ष द्या

इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरची ९५. लॅपटॉप मुळातच जास्त तापतात. आपल्या मॉडेलची मर्यादा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते.

पण नुसता आकडा फसवतो. साधा पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, म्हणून खोलीचं तापमान वजा करून बघा. मे महिन्यात खोली ३३ आणि रिकामा प्रोसेसर ४८ असेल तर फरक १५. जानेवारीत खोली २५ आणि प्रोसेसर ५२ असेल तर फरक २७. आकडा चारच अंशांनी वाढलेला दिसतो, पण मशीनची तब्येत बरीच बिघडलेली असते. वहीत तारीख, खोलीचं तापमान, रिकामं तापमान आणि पंधरा मिनिटं जड काम केल्यानंतरचं तापमान असे चार रकाने करा. महिन्यातून एकदा नोंद पुरे.

आकड्यावरून कारण ओळखा

- फरक महिन्यागणिक हळूहळू वाढतोय : धूळ साचली आहे.
- जड काम सुरू करताच काही सेकंदांत ९० पार : पेस्ट सुकली किंवा हीटसिंकची पकड सुटली असण्याची शक्यता.
- रिकामा असूनही गरम : टास्क मॅनेजरमध्ये बघा, एखादा प्रोग्राम किंवा व्हायरस मागे राबत असतो.
- ६० अंशांवरच मशीन बंद पडतं : दोष बहुधा पॉवर सप्लायचा किंवा दुसरीकडचा. इथे नवा पंखा घेणं म्हणजे पैसे वाया.

साफसफाई करताना

प्लग काढा, लॅपटॉप असेल तर पूर्ण बंद करा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि मग ब्लोअरने हवा मारा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून खराब होतो. ओला कपडा वापरू नका. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही आत घालू नका, त्याने स्थिर वीज तयार होऊन सर्किटला धोका होतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावतात. हात बसलेला नसेल तर हे काम, आणि लॅपटॉप उघडणंही, दुकानावर सोडावं. वॉरंटी असेल तर आधी तिच्या अटी वाचा.

कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा. समुद्राकडच्या उघड्या खिडकीपासून दूर ठेवा. लॅपटॉप गादीवर ठेवला की हवेची जाळी बुजते. पावसाळ्यात वापर नसला तरी दोन-तीन दिवसांतून एकदा मशीन तासभर चालू ठेवा, आतला दमटपणा कमी होतो.

दुकानात जायची वेळ आलीच तर वही सोबत न्या. दुरुस्तीनंतर तेच तीन आकडे पुन्हा घ्या. फरक कमी झाला नसेल तर पैसे चुकते करण्याआधी तसं सांगा.