आधी बंद, मग चौकशी : कॉसमॉस बँकेवरच्या दरोड्याचा घटनाक्रम

पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर कॉसमॉस बँकेचं मुख्यालय आहे. 1906 साली सुरू झालेली ही सहकारी बँक. ऑगस्ट 2018 मध्ये शनिवार ते सोमवार एवढ्या वेळात तिचे 94 कोटी 42 लाख रुपये गेले. तिजोरीला कुणी हात लावला नाही, शाखेत कुणी शिरलं नाही, कुठल्या खातेदाराचं पाकीटही मारलं गेलं नाही. खरी कार्डं मालकांच्या खिशातच होती. कार्डाची चोरी हल्ली अशीच होते: कार्ड जागेवर राहतं आणि त्यावरची माहिती जगभर हिंडून येते.

बऱ्याच आधी : तयारी

अशा दरोड्याला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे कार्डांची माहिती. डेबिट किंवा क्रेडिट कार्डाच्या पाठीवरच्या काळ्या चुंबकीय पट्टीत कार्डाचा क्रमांक, मुदत संपण्याचा महिना-वर्ष आणि तीन आकडी सेवा संकेतांक असतो. ही माहिती हाती आली की कुठल्याही कोऱ्या प्लास्टिकवर ती चढवता येते आणि नक्कल तयार होते. चिपची नक्कल करणं फार अवघड. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने पट्टीवाली कार्डं बदलून चिपची कार्डं द्यायला बँकांना 31 डिसेंबर 2018 ही मुदत दिली होती. चोर त्याच्या साडेचार महिने आधी आले.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही परक्या बँकेच्या एटीएममध्ये कार्ड घालता, तेव्हा ते एटीएम तुमच्या बँकेला एक निरोप धाडतं: अमुक कार्ड, अमुक रक्कम, देऊ का? व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून हा निरोप बँकेच्या ‘स्विच’पर्यंत येतो. स्विच तो मुख्य संगणक प्रणालीला, म्हणजे सीबीएसला विचारतो. तिथे पिन आणि शिल्लक तपासली जाते आणि दोन आकडी उत्तर परत जातं. 00 म्हणजे द्या. 51 म्हणजे खात्यात पैसे नाहीत. 55 म्हणजे पिन चुकला. नोटा बाहेर येतात त्या या दोन आकड्यांच्या भरवशावर.

कॉसमॉसमध्ये मालवेअर शिरलं ते याच जागी. खऱ्या स्विचच्या आड एक बनावट स्विच उभा राहिला. बाहेरून आलेले प्रश्न सीबीएसपर्यंत पोचेनात, उत्तरं मधल्यामध्येच दिली जाऊ लागली, आणि ती सगळी होकाराची. पोरगं वर्गात आहे का, हे विचारायला शाळेत फोन लावावा आणि पलीकडून पोरानेच मास्तरांच्या आवाजात ‘हजर आहे’ म्हणावं, तशातला प्रकार. अशा व्यवस्थेत खात्यात किती पैसे आहेत याला अर्थ उरत नाही. अमेरिकी यंत्रणांनी ऑक्टोबर 2018 मध्ये या पद्धतीबद्दल इशारा दिला, त्यात नोंदवलं होतं की असल्या दरोड्यांत वापरलेल्या बहुतेक खात्यांत व्यवहार नावापुरतेच किंवा शिल्लक शून्य होती.

शुक्रवार, 10 ऑगस्ट : एक दिवस आधी

एफबीआयने बँकांना एक गोपनीय सूचना पाठवली. येत्या काही दिवसांत जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी रोकड उपसण्याचा बेत आहे, आणि त्यामागे कार्ड देणाऱ्या कुठल्या तरी संस्थेत झालेली घुसखोरी असावी, असा तिचा आशय होता. संस्था कोणती, हे एफबीआयलाही ठाऊक नव्हतं. सूचनेची बातमी रविवारी जाहीर झाली. तोवर एटीएममधली लूट उरकली होती.

शनिवार, 11 ऑगस्ट, सकाळ

दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. त्यात दीप अमावस्या. रविवारपासून श्रावण लागणार, म्हणून घरोघरी दिवे घासूनपुसून पुजायचे आणि बाहेर मटणाच्या दुकानापुढे रांग. चोरांनी पंचांग पाहिलं असेल असं नाही, पण सुट्ट्यांची यादी नक्की पाहिली असणार. 2016 साली बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 8 कोटी 10 लाख डॉलर गेले, तेव्हाही आठवड्याची सुट्टी साधूनच काम झालं होतं. माणसं जागेवर नसली की शंका यायला वेळ लागतो. या धंद्यात त्या वेळेचाच पैसा होतो.

दुपारी 3

नोटा निघायला लागल्या. अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, रशिया धरून 28 देशांत नकली व्हिसा कार्डं घेतलेली माणसं एटीएमपुढे उभी होती. परदेशात सुमारे 12,000 व्यवहार झाले आणि 78 कोटी रुपये गेले. सरासरी काढली तर एका खेपेला 65,000 रुपये. बीबीसीने नंतर या प्रकरणाचा माग काढला. त्यानुसार हा जगभरचा उपसा दोन तास तेरा मिनिटांत आटोपला.

भारतात रुपे कार्डांवर 2,849 व्यवहार झाले आणि अडीच कोटी निघाले. म्हणजे एका खेपेला पावणेनऊ हजारांच्या आसपास. महाराष्ट्रातही, कोल्हापूरसारख्या शहरात, माणसं कार्डांचे गठ्ठे घेऊन या एटीएमवरून त्या एटीएमवर जात होती. त्यातल्या काहींना म्हणे सिनेमात छोटं काम आहे, एटीएममधून पैसे काढायचा प्रसंग आहे, असं सांगून आणलं होतं. कॅमेरा होता खरा, पण तो एटीएमच्या छतावरचा सीसीटीव्ही. पुढे पोलिसांनी ही माणसं पकडली ती त्याच चित्रणावरून.

तो अर्धा तास

बँकेला पहिली खबर बाहेरून मिळाली. व्हिसाकडून निरोपावर निरोप येऊ लागले: तुमच्या कार्डांवर हजारो मागण्या येतायत, रकमा मोठ्या आहेत. बँकेच्या लोकांनी आपल्या पडद्यावर पाहिलं, तर तिथे काहीच वावगं दिसेना. दिसणार कसं? ते व्यवहार सीबीएसपर्यंत आलेच नव्हते.

बीबीसीच्या माहितीनुसार यात सुमारे अर्धा तास गेला. मग खबरदारी म्हणून बँकेने व्हिसाला कॉसमॉसची सगळी कार्डं थांबवायला सांगितलं. त्या लोकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण दुसरा शनिवार, समोरचा पडदा शांत, आणि हजारो खातेदारांची कार्डं एका झटक्यात बंद करायची म्हणजे उद्याच्या बोंबाबोंबीला आमंत्रण. अशा वेळी कुणीही आधी खातरजमा करायला धावेल. चूक झाली ती क्रमात. कार्ड थांबवलं तर ते पुन्हा सुरू करता येतं. एटीएममधून बाहेर पडलेली नोट परत आत जात नाही.

रात्री 10

पोलिसांतल्या तक्रारीत मात्र एटीएममधल्या लुटीची वेळ दुपारी 3 ते रात्री 10 अशी आहे. या सात तासांत 80 कोटी 50 लाख रुपये गेले. त्यासाठी लागली होती काही शे नकली कार्डं.

रविवार, 12 ऑगस्ट

व्हिसाने संशयित व्यवहारांची यादी दिली आणि नुकसान किती मोठं आहे ते कागदावर आलं.

सोमवार, 13 ऑगस्ट, सकाळी साडेअकराच्या सुमारास

पहिला श्रावणी सोमवार. एटीएमच्या धक्क्यातून बँक सावरते न सावरते तोच दुसरा घाव बसला. बँकाबँकांतल्या आंतरराष्ट्रीय निरोपांसाठी असलेल्या स्विफ्ट यंत्रणेतून 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यावर वळवले गेले. शनिवारी कार्डं बंद झाली होती, पण घरात शिरलेला चोर घरातच होता. त्यातली काही रक्कम पुणे पोलिसांनी पुढे परत मिळवली.

मंगळवार, 14 ऑगस्ट

चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मिलिंद काळे यांनी पत्रकारांपुढे येऊन खातेदारांच्या ठेवी सुरक्षित असल्याचं सांगितलं. ते खरं होतं. नुकसान बँकेचं झालं, ठेवीदारांचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने 2019 च्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाच्या खात्यावर टाकला. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा सुनावली. ही सगळी एटीएमपुढे उभी राहिलेली आणि त्यांना उभं करणारी माणसं. होकाराची उत्तरं देणारा कुणी त्यांत नव्हता.

आता तुमचं घड्याळ

तुमच्या कार्डाची माहिती चोरीला गेली, तर हाच क्रम लहान मापात घडतो. फरक एवढाच की व्हिसाच्या निरोपाच्या जागी तुमच्या मोबाइलवर मेसेज येतो: न केलेल्या खरेदीचा, बऱ्याचदा दोन-पाच रुपयांचा, कार्ड चालतंय का ते बघायला केलेला.

*पहिलं मिनिट.* बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्ड बंद करा. नवऱ्याने काही मागवलंय का, मुलाने गेम विकत घेतला का, हे नंतर विचारा. मेसेजमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन करू नका. कार्डाच्या पाठीवरचा क्रमांक लावा.

*पहिला तास.* 1930 वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवण्याची सोय तिथून होते, पण खात्यात पैसे उरले असतील तोवरच.

*तिसरा दिवस.* रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास तुमच्यावर एक पैशाचीही जबाबदारी नाही. सूचना आली तो दिवस मोजायचा नाही, सुट्ट्याही मोजायच्या नाहीत. चूक बँकेची असेल, तर ही अट लागूच होत नाही. पण ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं.

*सातवा दिवस.* चौथ्या ते सातव्या दिवसांत कळवलंत, तर काही बोजा तुमच्यावर येतो. पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला तो जास्तीत जास्त 10,000 रुपये, त्यावरच्या कार्डाला 25,000. त्याहून उशीर केलात, तर बँकेचं धोरण काय म्हणेल ते.

*दहावा दिवस.* कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने वादातली रक्कम खात्यात जमा दाखवायची असते आणि 90 दिवसांत निकाल लावायचा असतो. क्रेडिट कार्डाच्या बिलातली उरलेली, तुम्ही खरोखर केलेली खरेदी मात्र वेळेवर भरा. वाद चोराशी असला तरी थकबाकीची नोंद तुमच्या नावावर होते.

*पुढचे काही महिने.* कार्डाच्या क्रमांकाबरोबर पॅन आणि जन्मतारीखही गेली असेल, तर तुमच्या नावावर कुणी कर्ज उचलू शकतं. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चारही एकदम मागवू नका, तीन-तीन महिन्यांच्या अंतराने मागवा, म्हणजे वर्षभर नजर राहते. न घेतलेलं कर्ज दिसलं तर लेखी हरकत घ्या. ती 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळायचा नियम आहे.

कॉसमॉसनंतर एक गोष्ट मात्र सुधारली. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांमुळे नवं कार्ड हातात पडतं ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतं चालू असतं. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार तुम्ही स्वतः सुरू करायचे आणि मर्यादाही तुम्हीच ठरवायची. परदेशी जायचं नसेल तर ते बटण बंदच असू द्या. मॉस्कोतल्या एटीएममध्ये कुणी तुमची नक्कल घातली, तर नकार आधीच देऊन ठेवलेला असेल.

आणि कार्ड बंद केलंत की तक्रार क्रमांक, तारीख आणि वेळ टिपून ठेवा. पुढे बँकेशी वाद झालाच, तर तुम्ही किती वाजता कळवलंत, यावर तो निम्मा-अधिक मिटतो.